पीकेयूच्या कुटुंबांचं शनिवार-रविवारचं शिबिर: स्वयंपाकघराला पैकीच्या पैकी, जिन्याला भोपळा

आधी स्वयंपाकघराबद्दल लिहिते, कारण अशा शिबिराला जावं की न जावं हे तिथेच ठरतं. डोंगर, हिरवळ, मेंढरं हे सगळं इंग्लंडात कुठेही गाडी वळवली तरी दिसतं. पण साठ-सत्तर माणसांचं जेवण मांडलेल्या लांबलचक टेबलाशी माझी सात वर्षांची नात एकटी ताट घेऊन गेली, कुणाला काहीही न विचारता चार पदार्थ वाढून घेतले आणि जाऊन खायला बसली, हे मी तिच्या जन्मापासून पहिल्यांदा पाहिलं. सुनेने सवयीने हात पुढे केला होता. तो तिने हळूच मागे घेतला आणि स्वतःचं ताट शोधायला लागली.

नातीला पीकेयू आहे, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. आपण जी प्रथिनं खातो त्यात फेनिलॲलनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर करून पुढे पाठवतं. पीकेयूच्या माणसात ते एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे फेनिलॲलनीन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच हे होतं. म्हणजे दोघेही ठणठणीत, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. ब्रिटनमध्ये साधारण दहा हजारांत एका बाळाला हा आजार असतो. इलाज म्हणजे आहार. दूध, डाळ, अंडी, मांस-मासे, शेंगदाणे, पनीर, सोयाबीन सगळं बंद. भात आणि बटाटा मोजून. प्रथिनांची कसर भरायला फेनिलॲलनीन वगळलेलं अमिनो आम्लांचं औषधी पेय दिवसातून तीन वेळा, न चुकता, जन्मभर.

मोजायचं कसं, तर इथे 'एक्स्चेंज' म्हणतात. एक एक्स्चेंज म्हणजे एक ग्रॅम प्रथिन, त्यात साधारण 50 मिलिग्रॅम फेनिलॲलनीन धरतात. आमच्या नातीला दिवसाला सहा एक्स्चेंज आहेत. 30 मिली दूध म्हणजे एक. उकडलेला बटाटा 80 ग्रॅम म्हणजे एक. चमचाभर घट्ट वरण घेतलं तरी एक संपलं. आपली मध्यम आकाराची गव्हाची चपाती घेतली तर जवळपास तीन, म्हणजे निम्मा दिवस गेला. मी मिरजेच्या एका सहकारी बँकेत कॅशियर होते. दिवसअखेर कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही ही जन्माची सवय, त्यामुळे हा हिशोब मला घरात सगळ्यांच्या आधी जमला. मुलगा अजून मोबाइल काढतो.

शिबिराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते काही कंपनीचं नाही. मिडलंड्समधले पालक स्वतःच्या हौसेने चालवतात, जागा बदलत राहते, आणि तिथे लहान मुलं असतात. ब्रिटनमध्ये पीकेयूची राष्ट्रीय संस्था 1973 पासून आहे, तिचीही अधिवेशनं भरतात, पण हे त्यातलं नव्हे. ज्यांना जायचं असेल त्यांनी आपल्या हॉस्पिटलच्या डाएटिशियनला विचारावं, ती सांगते. आम्हालाही तिनेच सांगितलं. मुलगा, सून, नात, तिचा मोठा भाऊ आणि मी असे पाच जण शुक्रवारी संध्याकाळी बर्मिंगहॅमहून निघालो. यंदा जागा होती डर्बीशरमध्ये, कॅसलटन गावाच्या बाहेर, एक जुनं दगडी वसतिगृह. खिडकीतून माम टोरचा डोंगर दिसतो. पाचशे मीटरच्या वर थोडासा उंच, म्हणजे आपल्याकडे टेकडीच म्हणतील, पण त्याचा तोरा मोठा.

जेवणाची पद्धत अशी. प्रत्येक पदार्थासमोर एक कार्ड. हिरवं कार्ड म्हणजे हवं तेवढं घ्या, मोजू नका. पिवळं कार्ड म्हणजे मोजा, आणि किती ग्रॅमला एक एक्स्चेंज ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं. प्रत्येक टेबलावर एक छोटा वजनकाटा मिठाच्या डबीशेजारी. लाल कार्ड कुठेच नव्हतं, कारण चालणार नाही असा पदार्थ त्या खोलीत ठेवायचाच नाही असं त्यांनी ठरवलंय. ज्यांना पीकेयू नाही त्या भावंडांना आणि आईबापांना सोललेली अंडी, चीज, भाजलेलं चिकन हे बाजूच्या छोट्या खोलीत. तिथे जाऊन, खाऊन, हात धुऊन परत यायचं. मला ही व्यवस्था फार आवडली. एरवी शाळेच्या सहलीत आमची नात कोपऱ्यात स्वतःचा डबा उघडते. इथे कोपऱ्यात जाऊन खायची पाळी आमच्यावर.

शुक्रवारी रात्री लाल भोपळ्याचं सूप, औषधी पिठाचा पास्ता टोमॅटोच्या रसात, भाजलेल्या भाज्या, आणि पिझ्झा. पिझ्झ्यावर खोबरेल तेलापासून केलेलं चीज होतं, त्यात प्रथिन जवळपास नसतंच. चव? खरं सांगायचं तर पिझ्झा गरम होता तोवर चांगला. गार झाल्यावर वातड झाला आणि चीज टाळूला चिकटलं. सूप मात्र उत्तम, त्यात जायफळ घातलं होतं. मीठ कमी, ते या देशात सगळीकडेच कमी. बाजूच्या खोलीतलं चिकन मोठ्यांना पुरलं नाही. शनिवारी दुपारी माझा मुलगा "जरा पेट्रोल भरून येतो" म्हणून गेला आणि तळलेल्या माशाचा वास घेऊन आला.

सकाळी साडेसातला एक कार्यक्रम होतो तो पाहण्यासारखा. पीकेयूची सगळी माणसं हॉलमध्ये गोल करून उभी राहतात. तीन वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या बाईपर्यंत प्रत्येकाच्या हातात आपापलं औषधी पेय. कुणाचं पाऊचमध्ये, कुणाचं बाटलीत, कुणाचं पावडर कालवलेलं. कुणीतरी तीन आकडे म्हणतं आणि सगळे एकदम पितात. या पेयाचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. कडू, आंबट आणि वर कृत्रिम संत्र्याचा मुलामा. घरी आमच्याकडे सकाळच्या पाऊचला वीस मिनिटं लागतात, मध्ये दोनदा रडं आणि एकदा धमकी. तिथे पोरगी मिनिटात पाऊच उलटा करून दाखवत होती, कारण शेजारचा मुलगा तिच्या आधी संपवेल अशी भीती होती. हल्ली दुधाच्या निवळीतल्या प्रथिनापासून केलेला एक प्रकार निघालाय, तो चवीला बरा म्हणतात. काही मोठी माणसं तोच पीत होती. एकाने मला घोटभर दिला. 'बरा' हा शब्द त्यांनी आधीच्या पेयाशी तुलना करून वापरला असावा.

शनिवारी सकाळी स्वयंपाकाची कार्यशाळा होती. शिकवणारी बाई स्वतः पीकेयूच्या दोन मुलांची आई, हात भराभर चालणारा, फुकटचं बोलणं नाही. प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं कमी प्रथिनांचं पीठ म्हणजे मुख्यतः गव्हाचा स्टार्च. त्यात चिवटपणा आणणारं ग्लुटेन नाही. त्यामुळे पाणी घालून मळलं तर गोळा होतो खरा, पण लाटायला गेलं की चिरा. इथल्या बायका त्यात इसबगोल घालतात, पावासाठी ते छान. मी दोन वर्षं त्याच्या चपात्या करायला बघत होते आणि प्रत्येक वेळी तव्यावर नकाशा व्हायचा. कार्यशाळेत त्या बाईने विचारलं, तुमच्याकडे गहू नसलेल्या पिठाची पोळी कशी करतात? मी म्हटलं, उकड काढून. तांदळाच्या भाकरीला काढतो तशी. मग तिथेच पातेलं मागितलं. पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, गॅस बंद करून पीठ, झाकण, आणि पाच मिनिटांनी हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच मळायचं. इसबगोल अर्धा चमचा. लाटताना कॉर्नफ्लोअरवर. फुलका टम्म फुगला नाही, पण अखंड निघाला आणि गुंडाळता आला. नात दोन खाऊन गेली. त्या बाईने वहीत लिहून घेतलं आणि पिठाचं प्रमाण मला तीनदा विचारलं. मी प्रमाण सांगू शकले नाही, हाताला कळतं एवढंच म्हणाले. मग तिने माझ्या हाताखाली वजनकाटाच ठेवला.

याच पिठाच्या उकडीचे मोदकही करून पाहिले, गणपतीचा विचार करून. पारी होते, पण मुरड घालायला गेलं की फाटते. तो प्रश्न तसाच आहे. कुणाला जमलं असेल तर जरूर कळवा. सारणातलं खोबरं मात्र मोजावं लागतं हे विसरू नका.

दुपारी मला खिचडी करायला लावली. सुनेने परस्पर नाव दिलं होतं. साबुदाण्यात प्रथिन नाममात्र असतं, त्यामुळे पीकेयूच्या घरात साबुदाणा म्हणजे कुबेराचा ठेवा. हा शोध आमच्या डाएटिशियनला आमच्याकडून लागला नाही, तिला आधीपासून माहीत होतं. पण तिथल्या इंग्रज आयांना नव्हतं. कूट घालायचं नाही आणि बटाटा मोजायचा असतो, म्हणून बटाट्याऐवजी रताळं घेतलं, ते इथे न मोजता खाता येतं. जिरं, हिरवी मिरची, तूप, लिंबू, वरून कोथिंबीर. कुटाशिवाय खिचडी एकमेकीला चिकटते, त्यासाठी साबुदाणा भिजवताना पाणी नेहमीपेक्षा कमी ठेवायचं आणि परतायच्या आधी तेलाचा हात लावायचा. मिरची मी निम्मी केली तरी दोघातिघांचे कान लाल झाले. मुलांनी साबुदाणा ओळखला, कारण हल्ली शहरात तो बबल टीमध्ये मिळतो. "चहा नसलेली बबल टी" असं तिचं नाव पडलं आणि पातेलं रिकामं झालं. समोर हिरवं कार्ड ठेवताना मला उगाचच अभिमान वाटला. एक सांगते, उपवासाचं सगळंच चालतं असा समज करून घेऊ नका. राजगिरा, वरी, शिंगाड्याचं पीठ, दाणे या सगळ्यात प्रथिन आहे, राजगिऱ्यात तर गव्हापेक्षाही जास्त. साबुदाणा, रताळं, आरारूट ठीक. आमसुलाचं सारही ठीक, नारळाचं दूध न घालता.

व्याख्यानं दोन झाली. पहिलं जनुकांवर, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. पडद्यावर मुंग्यांएवढी अक्षरं आणि सांगणाऱ्याला ट्रेन पकडायची होती. दुसरं एका निवृत्त डाएटिशियनबाईंचं, ते मी उभी राहून ऐकलं कारण खुर्च्या संपल्या होत्या. पीकेयूचा शोध 1934 मध्ये नॉर्वेत आस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांनी लावला. पण आजार कळला म्हणून इलाज नव्हता. इलाज निघाला तो आमच्या बर्मिंगहॅममध्ये, मुलांच्या हॉस्पिटलात, 1951 मध्ये. शीला नावाची लहानगी होती. नाव ऐकून मला आपल्याकडचीच कुणी वाटली, पण ती शीला जोन्स. उभी राहत नव्हती, बसत नव्हती, कुणाकडे बघत नव्हती, नुसती कण्हायची आणि डोकं आपटायची. होर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी निदान केलं आणि आईला सांगितलं की यावर उपाय नाही. आई ऐकेना. ती रोज सकाळी येऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहायची, माझ्या मुलीसाठी काही सापडलं का? शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करून कोळशाच्या भुकटीतून गाळले आणि फेनिलॲलनीन काढून टाकलेलं पहिलं पेय तयार केलं. काही महिन्यांत ती पोर रांगायला लागली, खुर्चीवर चढायला लागली, केस काळसर झाले, डोकं आपटणं थांबलं. खरंच आहारामुळे झालं का हे तपासायला त्यांनी आईला न सांगता पेयात फेनिलॲलनीन परत मिसळलं, आणि पोरीची तब्येत इतक्या झटकन उतरली की आईच्या लगेच लक्षात आलं. आजच्या काळात हे चालणार नाही. त्या आईच्या जागी मी असते तर डॉक्टरांना काय बोलले असते ते लिहिण्यासारखं नाही. शीलाच्या मेंदूचं नुकसान आधीच झालेलं होतं, ते पुरतं भरून निघालं नाही.

पुढे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेच्या थेंबभर रक्तावरून ओळखायची चाचणी काढली. आयर्लंडने 1966 पासून आणि ब्रिटनने 1969 पासून सगळ्या बाळांना ती लावली. आमची नात पाच दिवसांची असताना सुईणीने घरी येऊन टाच टोचली होती. इतकंसं बाळ आणि त्याला टोचायचं म्हणून मी तेव्हा तोंड फिरवलं होतं.

शिबिरात एक गृहस्थ होते, साठीकडे झुकलेले, सोबत धाकटी बहीण. जन्म त्या चाचणीच्या आधीचा. बोलत नाहीत. दिवसभर खिडकीजवळ बसून हातातला रबरी चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. बहीण म्हणाली, उतारवयात आहार सुरू केला तरी फरक पडला, रात्री शांत झोपतात, स्वतःला मारून घेत नाहीत. तिला हा आजार नाही. लहानपणी दोघं एकाच पाटावर दूधपाव खायचे म्हणाली. ती त्यांना घेऊन शिबिराला येते ते काही शिकायला नव्हे. इथे कुणी टक लावून बघत नाही म्हणून येते. नातीने त्यांना खिचडी नेऊन दिली आणि चेंडू मागितला. दिला त्यांनी. मग बराच वेळ दोघांचं चाललं होतं.

सगळ्यात उपयोगाचं बोलणं कुठल्याही व्याख्यानात झालं नाही. ते झालं भांडी पुसताना. चाळिशी ओलांडलेली एक इलेक्ट्रिशियन बाई होती, हातावर गोंदण, तिला स्वतःला पीकेयू. ती लहान असताना डॉक्टर म्हणायचे, दहा-बारा वर्षांची झाली की आहार सोडला तरी चालेल. तिनेही सोडला. पुढे डोकं जड, लक्ष लागेना, चिडचिड, नोकऱ्या टिकेनात. ती म्हणाली, मला वाटायचं माझा स्वभावच असा आहे. आता सगळेच सांगतात की आहार जन्मभराचा. ती परत वळली ती मूल हवं झालं तेव्हा. आईच्या रक्तात फेनिलॲलनीन जास्त असेल तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला धोका असतो, बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी. म्हणून दिवस जायच्या आधीपासून आहार कडक आणि रक्ताच्या तपासण्या सारख्या. तिला दोन मुलगे आहेत, दोघेही धडधाकट, बाजूच्या खोलीत अंडी चेपत होते. मिरजेहून नातेवाइकांचा फोन आला की फिरून-फिरून एकच प्रश्न येतो, पोरीच्या लग्नाचं कसं होणार? पुढच्या फोनला मी या बाईची गोष्ट सांगणार आहे. गोंदणासकट.

औषधांची चर्चाही झाली. सॅप्रोप्टेरिन नावाच्या गोळ्यांना इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांसाठी 2021 मध्ये मान्यता मिळाली. ज्यांना लागू पडतात त्यांचे एक्स्चेंज दुप्पट-तिप्पट होतात. सगळ्यांना लागू पडत नाहीत, आमच्या नातीला पडल्या नाहीत. ज्यांना पडल्या ती मुलं चीज सँडविच खाताना पाहून सून जरा बाहेर जाऊन आली. आयोजकांनी हा विषय थोडा सांभाळून घ्यायला हवा होता, निदान त्याच मुलांना जेवणाच्या वेळी पुढे बोलावून टाळ्या वाजवायला नको होत्या.

आता तक्रारी. जिना लाकडी, अरुंद आणि उभा, आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. फॉर्मवर माझं वय लिहिलेलं असताना खालची खोली पोरासोरांना का दिली ते कळलं नाही. बंक बेडवर मी खालच्या पलंगावर झोपले, वरून नातू रात्रभर लाथा मारत होता. जून असूनही रात्री थंडी, पांघरूण एकच. गरम पाणी पहिल्या चौघांना.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. शनिवारी दुपारी मुलांना दोरीवर चढवायला जिथे नेलं, तिथल्या माणसांनी पाण्याच्या पिंपात सरबत कालवून ठेवलं होतं. 'साखर न घातलेलं' म्हणजे ॲस्पार्टेम हे गोडी आणणारं रसायन असण्याची दाट शक्यता, आणि ॲस्पार्टेममध्ये फेनिलॲलनीन असतंच. 2018 मध्ये साखरेच्या पेयांवर कर लागला तेव्हापासून इथल्या कंपन्यांनी बऱ्याच पेयांतली साखर काढून गोडी आणणारी रसायनं घातली, त्यामुळे आधी चालणारी पेयंही आता दरवेळी बाटली वाचून घ्यावी लागतात. पिंपावर अर्थातच काही लिहिलेलं नव्हतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, याची बाटली कुठे आहे? बाटली आली, वाचली, पिंप ओतून दिलं. शिबिराच्या लोकांनी माफी मागितली आणि रात्री सगळ्या पालकांना बोलावून काय झालं ते सांगितलं. लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने. पण बाहेरच्या माणसांना आधी लेखी सूचना द्यायला हव्या होत्या.

रात्री शेकोटी. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणून प्रथिन. त्यांनी जिलेटिन नसलेले आणले होते. मुलांना काठीला लावून जाळण्यातच जास्त रस. मी निखाऱ्यात रताळी पुरली. हुरड्याच्या आठवणीने दोन घास जास्त गेले.

रविवारी सकाळी रक्ताची तपासणी. पीकेयूच्या मुलांचं रक्त ठरावीक दिवसांनी घरीच बोट टोचून कार्डावरच्या गोलांत घ्यायचं आणि पोस्टाने हॉस्पिटलला पाठवायचं असतं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातल्या फेनिलॲलनीनचा आकडा 120 ते 360 च्या मध्ये (लिटरला मायक्रोमोल) हवा. शिबिरात हे टेबलावर ओळीने बसून केलं. ज्याने पिंप ओळखलं त्याच मुलाने नातीला शिकवलं: हात आधी कोमट पाण्यात धर, बोटाच्या टोकाला नको, कडेला टोच, पहिला थेंब पुसून टाक, मग गोल एका थेंबात भर. तिने डोळे मिटून स्वतः टोचलं. गोल भरले तीन, चौथा अर्धाच. चालतो म्हणे.

माझ्या मनात तिथे सारखं मिरज येत होतं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे प्रत्येक बाळाची अशी चाचणी सरसकट होत नाही. गोव्याने 2008 मध्ये सरकारी रुग्णालयांतून नवजात बाळांच्या चाचण्या सुरू केल्या होत्या. केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण 2021 मध्ये आलं, त्यात पीकेयू आहे, मुंबईचं केईएम हे त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक, आणि 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढवली आहे. पण मदत मागायला आधी निदान व्हायला हवं, आणि गावात मूल मागे पडतंय हे कळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं गेलेली असतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना पहिल्या आठवड्यातल्या टाचेच्या चाचणीबद्दल विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर आमच्या पूर्ण कुटुंबाचे 140 पौंड झाले, दोन रात्री, सगळं जेवण धरून. या देशात तेवढ्यात पाच माणसांची एक रात्रही धड होत नाही. बाकीचा खर्च देणग्यांतून निघतो. पाचपैकी चार तारे देते. एक जिन्याचा कापला. पिंपाचा कापणार होते, पण त्या नऊ वर्षांच्या मुलाने तो परत मिळवून दिला.

जाणाऱ्यांसाठी: नावं लवकर भरतात. गाडी नसेल तर शेफील्डहून होप स्टेशनला गाडी मिळते, तिथून कॅसलटन जवळ आहे. वयस्कर माणसं असतील तर खालची खोली फॉर्मवर मागू नका, फोन करून मागा. जाड पांघरूण न्या. आणि साबुदाणा घरून न्या, किमान दोन किलो. आता मागणी आहे.